‘हळू’, ‘हळूहळू’ आणि ‘हळूच’ : मंद व निःशब्द गतीची इंग्रजी क्रियापदे आणि मराठी विद्यार्थी

शिकवणीवर्गांतून व स्पर्धापरीक्षांच्या तयारीच्या टिपणांतून इंग्रजी शब्दांच्या ज्या याद्या फिरत असतात, त्यांत एक यादी बहुधा ठरलेली असते. ‘हळू व आवाज न करता चालणे’ अशा अर्थाचे तिचे शीर्षक असते, आणि त्याखाली क्रीप, टिपटो, स्नीक, स्टील, स्लिंक, साइडल, प्रॉल, स्ट्रोल, सॉन्टर, अँबल, शफल, प्लॉड, ट्रज अशी बारा-पंधरा क्रियापदे एकाखाली एक मांडलेली असतात. प्रत्येकासमोर मराठी अर्थ दिलेला असतो : हळू चालणे, हळूहळू जाणे, सावकाश चालणे, गुपचूप जाणे, पुन्हा हळू चालणे. छत्रपती संभाजीनगरात गारखेडा परिसराला लागून असलेल्या पुंडलिकनगरासारख्या वसतीत, जेथे घराघरांतून कोणी ना कोणी मूल शिकवणीला जात असते, तेथे इंग्रजीच्या शब्दसंपत्तीची ओळख अशा यादीतूनच होते. ही यादी पाठ करणारा विद्यार्थी बुद्धीने कमी नसतो. तो ती खरोखर पाठ करतो. परंतु कथालेखनाच्या प्रश्नात चोर घरात शिरण्याचा प्रसंग आला की त्याच्या लेखणीतून जे वाक्य उतरते ते ‘द थीफ वेंट स्लोली स्लोली इन द हाऊस’ या धर्तीचे असते. पाठ केलेल्या पंधरा क्रियापदांपैकी एकही त्याच्या उपयोगी पडत नाही.

याचे कारण विद्यार्थ्याचा आळस अथवा मराठीचे दारिद्र्य यांपैकी एक, असे सर्वसाधारणपणे समजण्यात येते. यांतील दुसरे कारण अधिक घातक होय. कारण ते विद्यार्थ्यालाही पटते. ‘इंग्रजीत चालण्याला इतके शब्द, आणि आपल्याकडे एक चालणे’ हे विधान वर्गात एकदा उच्चारले गेले की स्वतःच्या भाषेविषयीचा एक न्यूनभाव घेऊन तो बाहेर पडतो. वस्तुतः दोष यादीत आहे; आणि तो इंग्रजीच्या अज्ञानातून आलेला नसून मराठीकडे पुरेसे लक्ष न दिल्यामुळे आलेला आहे.

प्रथम त्या यादीच्या मराठी अर्थांतील ‘हळू’ हाच शब्द तपासून पाहावा. ‘हळू चाल’ यात तो वेगाविषयी बोलतो. ‘हळू बोल, बाळ झोपले आहे’ यात वेगाचा काही संबंध नाही. तेथे आवाजाचा प्रश्न आहे. ‘काचेचे आहे, हळू ठेव’ यात वेग आणि आवाज हे दोन्ही गौण असून जोर कमी लावण्याची सूचना आहे. इंग्रजीला या तीन ठिकाणी तीन निराळी क्रियाविशेषणे लागतात : स्लोली, सॉफ्टली आणि जेंटली. मराठी बोलणाऱ्याला मात्र वेग, आवाज आणि जोर ही एकाच संयमाची तीन अंगे वाटतात. म्हणूनच हलक्या आवाजात बोलायला सांगताना मराठी मुलगा सहजपणे ‘स्पीक स्लोली’ म्हणून जातो, आणि ऐकणारा परभाषी एकेक शब्द सुटा करून, परंतु तितक्याच मोठ्याने बोलू लागतो.

परंतु मराठी येथेच थांबत नाही. हाच शब्द दुहेरी केला, म्हणजे ‘हळूहळू’ झाला, की आवाजाचा अर्थ गळून पडतो आणि क्रमाचा अर्थ पुढे येतो. ‘तो हळूहळू बोलू लागला’ याचा अर्थ त्याची भीड क्रमाक्रमाने चेपली असा होतो. तो कुजबुजला असा कधीही होत नाही. उलट त्याच शब्दाला ‘च’ जोडला, म्हणजे ‘हळूच’ झाला, की वेगाचा अर्थ जवळजवळ नाहीसा होतो. ‘तिने हळूच चिमटा काढला’ यातील चिमटा क्षणात काढला जातो. ‘तो हळूच सटकला’ यातील सटकणे तर चपळाईचेच आहे. येथे उरतो तो एकच अर्थ : कोणाच्या लक्षात येऊ नये असा. द्विरुक्ती आणि एक अवधारक अव्यय एवढ्या सामग्रीतून मराठीने तीन भिन्न कल्पना उभ्या केल्या आहेत, आणि मराठी बोलणारे पाच वर्षांचे मूलही त्यांत गोंधळ करीत नाही.

आता या तीन शब्दांच्या उजेडात यादीकडे पाहिले तर तिची मांडणी ढासळते. स्नीक हे क्रियापद मंद गतीचे नव्हेच. वर्ग चालू असताना मागच्या दाराने निसटणारा मुलगा वेगाने जाऊ शकतो, आणि तरीही त्याला तेच क्रियापद लागते. ते ‘हळूच’चे क्षेत्र आहे. शफल, प्लॉड आणि ट्रज ही क्रियापदे मंद गतीची आहेत, पण निःशब्द नव्हेत. शफलमध्ये पाय जमिनीला घासत जातात व त्याचा आवाज हा त्या क्रियेचा भागच असतो. प्लॉडमध्ये पाऊल जड पडते. ट्रजमध्ये थकवा असतो, आणि मराठीतील ‘पायपीट’ या शब्दाच्या ते बरेच जवळ येते. स्ट्रोल आणि सॉन्टर यांत मंदपणा आहे तो सवडीचा. जेवणानंतरची शतपावली ही स्ट्रोलची सख्खी नसली तरी मावसबहीण म्हणता येईल. सॉन्टरमध्ये थोडी ऐट मिसळते. वेग आणि आवाज या दोन्ही बाबतींत शीर्षकाला खरोखर न्याय देणारे क्रियापद पाहू गेल्यास मुख्यतः क्रीप हेच एक सापडते. एका शीर्षकाखाली कोंबलेल्या पंधरा क्रियापदांपैकी एकच त्या शीर्षकाचे असावे, यावरून शीर्षक बांधणाऱ्याच्या मनात मराठी ‘हळू’ किती खोल बसला होता ते दिसते. इंग्रजी शिकविणारी ही यादी नकळत मराठीत विचार करते. आणि तोही अर्धवट.

येथवर शब्दार्थाचा विचार झाला. याहून कठीण अडचण वाक्यरचनेची आहे, आणि तिच्याविषयी भाषाविज्ञानात गेल्या काही दशकांत पुष्कळ चर्चा झालेली आहे. लेनर्ड टॅल्मी यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विवेचनात, व पुढे २००० मधील द्विखंडात्मक ग्रंथात, असे दाखविले की गतीचा प्रसंग सांगताना काही भाषा गतीची रीत मुख्य क्रियापदात घालतात आणि मार्ग एखाद्या लहानशा उपपदावर सोपवितात; तर काही भाषा मार्गच मुख्य क्रियापदात घालतात आणि रीत बाहेर ठेवतात. इंग्रजी ही पहिल्या वर्गातील आणि स्पॅनिश दुसऱ्या वर्गातील होय. हिंदीविषयी भुवना नरसिंहन यांनी २००३ मध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे, आणि मराठीची स्थितीही स्थूलमानाने हिंदीसारखीच दिसते. ‘चोर दबकत दबकत घरात शिरला’ या वाक्यात मुख्य क्रियापद ‘शिरला’ आहे. ते फक्त आत जाण्याचा मार्ग सांगते. कसा शिरला, हे ‘दबकत’ या धातुसाधिताने सांगितले आहे. इंग्रजीत मात्र ‘क्रेप्ट’ या मुख्य क्रियापदात दबकणे येते आणि शिरण्याचा सारा भार ‘इंटू’ या शब्दावर पडतो.

मराठीत रीत सांगणारी क्रियापदे नाहीत असा याचा अर्थ मुळीच नव्हे. रांगणे, सरपटणे, खुरडणे, लंगडणे, दबकणे, रखडणे, रेंगाळणे, घुटमळणे, डुलणे ही पाहा. मूल, साप, पांगळा, थकलेला, आळशी, लाजणारा अशा प्रत्येकाची चाल त्यांत आहे. परंतु मराठी त्यांना एक काम करू देत नाही : उंबरठा ओलांडणे. ‘बाळ अंगणात रांगले’ या वाक्यात बाळ आधीपासून अंगणात असते व तेथे रांगते. घरातून अंगणात जायचे असेल तर ‘रांगत रांगत अंगणात गेले’ असेच म्हणावे लागते. ‘ती खोलीत रेंगाळली’ यात ती बाहेरून आत येत नाही. याच्याशी आणखी एक गोष्ट निगडित आहे. ‘खोलीत’ या एकाच सप्तम्यन्त रूपात मराठीला आत असणे आणि आत येणे हे दोन्ही अर्थ सामावता येतात; कोणता अर्थ घ्यायचा ते क्रियापद ठरविते. ‘बसला’ असेल तर पहिला, ‘शिरला’ असेल तर दुसरा. इंग्रजीत हा निर्णय क्रियापद करीत नाही, तर ‘इन’ आणि ‘इंटू’ यांतील भेद करतो. म्हणजे मराठी विद्यार्थ्याला क्रीप हे नुसते नवे क्रियापद शिकायचे नसते. जे काम आजवर ‘शिरणे’, ‘निघणे’, ‘चढणे’, ‘उतरणे’ ही क्रियापदे करीत आली, ते त्यांच्याकडून काढून एका दोन अक्षरी उपपदाकडे सोपवायचे असते. यादी त्याला क्रियापद देते, उपपद देत नाही. मग तो ‘वेंट’ या ओळखीच्या क्रियापदाचा आश्रय घेतो, ‘इंटू’च्या जागी ‘इन’ ठेवतो, आणि ‘हळूहळू’चे शब्दशः रूपांतर करून ‘स्लोली स्लोली’ मध्ये बसवितो. ते वाक्य आळसातून आलेले नाही. मराठी वाक्याचा प्रत्येक अवयव त्यात प्रामाणिकपणे आपल्या जागी उभा आहे.

डॅन स्लोबिन आणि रूथ बर्मन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की या पाच भाषा बोलणाऱ्यांकडून मर्सर मेयर यांच्या १९६९ मधील एका शब्दविरहित चित्रपुस्तकाची गोष्ट सांगवून घेतली होती. मुलगा आणि कुत्रा झोपलेले असताना बरणीतला बेडूक रात्री बाहेर निघून जातो, असा त्या गोष्टीचा आरंभ आहे. स्लोबिन यांचे प्रतिपादन असे की बोलण्यासाठी विचार करताना मनुष्य आपल्या भाषेने तयार ठेवलेल्या चौकटीतच विचार करतो. इंग्रजी बोलणारा रीतीकडे वारंवार लक्ष देतो, स्पॅनिश बोलणारा तुलनेने कमी. हा निष्कर्ष मराठीला जसाच्या तसा लावणे मात्र सावधपणाचे होणार नाही. बरणीतला तो बेडूक मराठीत सांगायचा झाला तर ‘बेडूक हळूच बाहेर सटकला’ असे वाक्य सहज येते. त्यात ‘हळूच’ आहे, आणि ‘सटकणे’ या क्रियापदात मार्ग व रीत दोन्ही आहेत. निसटणे, सटकणे, पसार होणे, डोकावणे असे दोन्हींचे मिश्रण असलेले धातू मराठीत थोडे नाहीत. शिवाय सुळकन, अलगद, गुपचूप, लुटूलुटू, दुडूदुडू अशा शब्दांचा जो मोठा साठा मराठीजवळ आहे, तो रीतीचे दारिद्र्य असलेल्या भाषेचे लक्षण मानता येत नाही. मोल्सवर्थ यांच्या कोशात, विशेषतः १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत, अनुकरणवाचक शब्दांची नोंद किती आस्थेने केलेली आहे हे कोश चाळणाऱ्यास ठाऊकच आहे. मरे एमेनो यांनी १९६९ मध्ये अशा शब्दांना भारतीय भाषाक्षेत्राचे एक समान लक्षण ठरविले. आणि संभाजीनगरात त्याचा पडताळा पाहण्यास ग्रंथालयात जाण्याचेही कारण नाही. शेजारच्या गल्लीत बोलल्या जाणाऱ्या दखनीतील ‘चुपके से’ आणि ‘दबे पाँव’ हे प्रयोग मराठीतील ‘गुपचूप’ आणि ‘दबक्या पावलांनी’ यांच्याच साच्यातले आहेत. रीत आहे, विपुल आहे. ती मुख्य क्रियापदाच्या बाहेर राहते, इतकेच.

मराठीत निःशब्द गतीविषयी आणखी एक शब्द असा आहे की ज्याला इंग्रजीत नेमका जोड मिळणे कठीण. तो म्हणजे ‘चाहूल’. इंग्रजी क्रियापद चालणाऱ्याच्या बाजूने बोलते. चाहूल ऐकणाऱ्याच्या बाजूने. ‘मला चाहूल लागली’ यात ऐकणारा चतुर्थीत असतो, आणि जो आला त्याचे नावही वाक्यात नसते. म्हणून ‘आवाज न करता गेला’ याहून ‘कोणाला चाहूल लागू न देता गेला’ हे वाक्य मराठीत अधिक स्वाभाविक वाटते. या शब्दाचा अध्यापनात उपयोग करून घेण्याकडे अद्याप कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. वास्तविक इंग्रजी क्रियापदांची खरी विभागणी येथूनच हाती लागते. कारण चाहूल कोणाला लागू द्यायची नाही आणि का, या प्रश्नाच्या उत्तरावरच ती क्रियापदे एकमेकांपासून वेगळी होतात.

पुंडलिकनगरातील एखादे भाड्याचे दोन खोल्यांचे घर डोळ्यांपुढे आणावे. वडील वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आले आहेत आणि भरदिवसा झोपले आहेत. मुले पाण्याच्या माठाकडे जातात ती चवड्यांवर, टाचा उचलून. ते टिपटो होय. त्यात अपराध नाही, भीती नाही. झोपलेल्या माणसाविषयीची काळजी आहे. थोरला मुलगा शिकवणीहून उशिरा परत येतो आणि आईची नजर चुकवून आत येतो; पावलांचा आवाज त्याचाही होत नाही, परंतु ते स्नीक. त्यात लपविण्यासारखे काहीतरी असते, आणि क्रियापद वापरणारा त्याची थोडीशी निर्भर्त्सनाही करतो. स्वयंपाकघरात शिरलेल्या कुत्र्यावर कोणी हात उगारला की ते शेपूट घालून निघून जाते, ते स्लिंक. पाहुण्यांपुढे यायला संकोचणारी मुलगी भिंतीला धरून, अंग चोरून, आडवी सरकत आजीजवळ येते, ते साइडल. कबुतरावर डोळा ठेवून गच्चीच्या कठड्यामागून पुढे सरकणारी मांजर क्रीप करते, आणि रात्रभर सावज हेरीत फिरणारी तीच मांजर प्रॉल करते. ही सहाही क्रियापदे एका घराच्या परिघात, एका दिवसात सापडतात. ‘हळू चालणे’ हा अर्थ त्यांपैकी एकाचाही नाही. त्यांच्यातील भेद वेगाचा नसून हेतूचा आणि पाहणाऱ्याच्या मताचा आहे. टिपटोच्या जागी स्नीक घातले तर झोपलेल्या बापाची काळजी घेणारी मुले चोर ठरतात. ही चूक व्याकरणाची नसल्यामुळे उत्तरपत्रिकेत तिच्याखाली तांबडी रेघही ओढली जात नाही.

स्टील या क्रियापदाची कथा तर उद्बोधक आहे. यादीत त्याच्यासमोर ‘चोरणे’ आणि कंसात ‘गुपचूप जाणे’ असे लिहिलेले असते, आणि एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो. तो त्याला इंग्रजीचा लहरीपणा समजतो. परंतु मराठीनेही नेमके हेच केले आहे. चोरपावले, चोरवाट, चोरदरवाजा, नजर चोरणे, अंग चोरणे यांपैकी कोठेही चोरी झालेली नाही. चोरीतील लपविण्याचा अंश तेवढा घेतला आहे. मराठी मुलाला जे क्रियापद सर्वांत सोपे वाटायला हवे तेच सर्वांत अवघड म्हणून सोडून दिले जाते, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेतील ‘चोरपावलांनी’ हा शब्द त्याच्यापुढे कोणी ठेवलेला नसतो.

उपपदांची हेळसांड वर सांगितलीच आहे. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे क्रीपला ‘अप ऑन’ जोडून होणारा प्रयोग. त्यात मागून जवळ येणे तर आहेच, शिवाय ज्याच्या जवळ यायचे त्याला पत्ता नसणेही आहे. म्हणजे ‘चाहूल न लागू देता गाठणे’ एवढा अर्थ त्या दोन उपपदांनी पेलला आहे. हाच प्रयोग वार्धक्याविषयी होतो, तेव्हा मराठीत ‘नकळत’ हा शब्द लागतो. बाजारभावाविषयी नुसते ‘क्रीप अप’ वापरले तर ‘हळूहळू चढले’ म्हणावे लागते. एकाच क्रियापदाला मराठीत एकदा ‘दबकत’, एकदा ‘नकळत’ आणि एकदा ‘हळूहळू’ असे तीन प्रतिशब्द घ्यावे लागतात, यावरून यादीतील एकास एक या मांडणीची मर्यादा स्पष्ट होते.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांची आता थट्टा करण्यात येते. भाषांतरपद्धतीत दोष होते यात संशय नाही. बोलण्याचा सराव तीत नव्हता. तथापि तिच्यात विद्यार्थ्यापुढे निदान पूर्ण वाक्य ठेवलेले असे, आणि एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना कोणता अवयव कोठे हलतो हे त्याला दिसत असे. यादीने तेवढेही शिल्लक ठेवले नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यात येते. म्हणजे दहावीतला विद्यार्थी दहा वर्षे ही भाषा शिकलेला असतो. एवढ्या काळात पंधरा सुट्या क्रियापदांऐवजी पाच-सहा क्रियापदे त्यांच्या उपपदांसह आणि प्रसंगांसह शिकविणे अशक्य नाही. सॉन्टर आणि अँबल ही मुख्यतः लिखित इंग्रजीत भेटणारी आहेत; ती वाचनात ओळखता आली तरी पुरे. टिपटो, स्नीक, क्रीप, स्लिप, शफल आणि स्ट्रोल ही मात्र वापरता आली पाहिजेत. त्यांपैकी स्लिप हे यादीत बहुधा नसतेच, कारण ते ‘हळू’ नाही. परंतु ‘हळूच निघून गेला’ याला बोलण्यातील इंग्रजीत सर्वांत जवळचे तेच आहे.

वर्गात याचा आरंभ मराठीतूनच करता येईल. ‘तो हळू गेला’, ‘तो हळूहळू गेला’ आणि ‘तो हळूच गेला’ ही तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकात जाणारा कोण असेल, घरात आणखी कोण असेल, हे विद्यार्थ्यांना विचारावे. पहिल्या वाक्यात ते पाय दुखणारे आजोबा पाहतात. दुसऱ्याला बहुतेक वेळा मनुष्यापेक्षा ताप, अंधार किंवा पाऊस अधिक शोभतो असे त्यांच्या ध्यानात येते. तिसऱ्यात ते हसतात, कारण तेथे कोणीतरी काहीतरी लपवीत असतो हे सांगावे लागत नाही. त्यानंतर फळ्याच्या उजव्या बाजूला इंग्रजी वाक्ये लिहावीत. पहिल्यासमोर शफल, तिसऱ्यासमोर स्लिप, आणि दोन्हींपुढे ‘आऊट’, ‘इंटू’, ‘पास्ट’ यांपैकी प्रसंगास योग्य ते उपपद. मधल्या वाक्यासमोर क्रियापद लिहिण्याची घाई करू नये. ताप उतरतो तेव्हा इंग्रजीत निराळे क्रियापद लागते, अंधार पडतो तेव्हा निराळे, आणि त्यांची यादी विद्यार्थी स्वतःच करू लागतात.